शेवट आधी सांगणाऱ्या बाई

“यानंतर येतोय आपला अमेय. अमेय त्याच्या जिमची गोष्ट सांगणार आहे. शेवटी तो जिम सोडतो आणि त्याच्या जागी त्याची आजी जायला लागते. फारच गंमत आहे. तर ऐकू या, अमेय.”

हे आमचं निवेदन. यानंतर अमेय बिचारा माइकपाशी यायचा आणि घाम गाळत, हातवारे करत त्या आजीपर्यंत पोचायचा. आजी तर लोकांना आधीच भेटून गेलेली असायची. लोक सभ्यपणे हसायचे. डोंबिवलीचे लोक सभ्य आहेत. मागे लाइट आणि साउंडच्या बटणांपाशी बसून मी कपाळाला हात लावायचो, आणि पोतनीसबाई विंगेतल्या खुर्चीत खडीसाखरेचा खडा तोंडात टाकून समाधानाने मान डोलवायच्या.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमच्या मंडळाचं छोटं नाट्यगृह आहे. शे-सव्वाशे खुर्च्या, कमरेच्या खालीच राहील एवढा बुटका रंगमंच, त्याला बाजूने लाकडी पायऱ्या आणि एक पंखा, जो चालू केला तर बोललेलं ऐकू येत नाही. इथे गाण्याचे कार्यक्रम व्हायचे, व्याख्यानं व्हायची, कोजागरी व्हायची. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी तरुण मुलांना बोलवावं, एकेकट्याने उभं राहून त्यांनी लोकांना हसवावं, ही कल्पना माझी. मुलं उत्साहाने आली. ठाण्याहून आली, कल्याणहून आली, एक तर आंबिवलीहून यायचा. सगळं जमलं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचं निवेदन पोतनीसबाई करत. तसा ठराव वगैरे कधी झाला नव्हता. हॉलमध्ये माइक असला की त्याच्यामागे बाई असत, इतकं ते साधं होतं.

बाई कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, कानात मोत्याच्या कुड्या, आणि आवाज असा की शेवटच्या ओळीतल्या माणसाने मोबाइल खिशात ठेवावा. सुरुवातीला माइकवर बोटाने टकटक करून विचारत, “मागे ऐकू येतंय ना?” आणि मागून कुणी हो म्हणेपर्यंत पुढे बोलत नसत. कुणीच हो म्हणालं नाही तर मला म्हणावं लागायचं. त्याआधी त्या दारात उभ्या असत. येणाऱ्या प्रत्येकाला नाव, गाव आणि कुणाकडून आलात हे विचारत. नाटकाला आलोय की बघण्याच्या कार्यक्रमाला, असा प्रश्न नव्या माणसाला पडायचा.

गाण्याच्या कार्यक्रमात त्यांच्यासारखं निवेदन कुणी करत नसे, हे मी रागातसुद्धा मान्य करतो. आता कुठलं गाणं येणार, दुसऱ्या कडव्यात गायिका कुठल्या शब्दावर थांबणार, तिथे कान द्या, हे त्या इतकं नेमकं सांगायच्या की लोक त्या जागेची वाट बघत बसायचे आणि जागा आली की आपणच शोधल्यासारखी दाद द्यायचे. बाईंनी तीच पद्धत विनोदाला लावली. दर वेळी कार्यक्रमाच्या आधी त्या मुलांना आतल्या खोलीत एकेक करून बोलवायच्या. “पूर्ण सांग. मला माहीत नसेल तर मी निवेदन काय करणार?” मुलं सांगायची. कॉर्पोरेट नोकऱ्या करणारी, स्टेजवर आपल्या बॉसला आडवंतिडवं बोलणारी मुलं बाईंसमोर हात मागे बांधून पाठांतर म्हटल्यासारखी आपले विनोद म्हणायची. बाई एकदाही हसत नसत. “छान आहे,” म्हणायच्या, आणि बाहेर जाऊन शेवट सांगून टाकायच्या.

मी त्यांना समजावलं नाही असं नाही. पहिल्याच कार्यक्रमानंतर समजावलं.

“बाई, विनोदाचा शेवट आधी कळला की मजा जाते.”

“कुणाची?”

“लोकांची.”

“सत्यनारायणाच्या कथेचा शेवट तुला माहीत नाही का? तरी प्रसाद मिळेपर्यंत बसतोसच ना?”

“पण तिथे कुणी हसायला येत नाही.”

“मग हसायला येणाऱ्यांना तर जास्त निवांत बसता यायला हवं. पुढे काय होणार म्हणून जीव टांगणीला लागला तर माणूस हसेल कसा?”

शाळेत जन्म घालवलेल्या माणसाशी वाद घालताना आपण आपोआप बाकावर उभे असतो.

हा त्यांचा केवळ स्टेजवरचा रोग नव्हता. कादंबरी हातात घेतली की त्या आधी शेवटची दोन पानं वाचत आणि मग पहिल्यापासून सुरुवात करत. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण खालच्या वाचनालयातल्या रहस्यकथांच्या पहिल्या पानावर बारीक पेन्सिलीने “डॉक्टर” किंवा “धाकटी जाऊ” असं लिहिलेलं सापडू लागलं. ग्रंथपाल काही दिवस चक्रावून गेले. मग त्यांनी अक्षर ओळखलं, कारण नोटीसबोर्डावरचा सुविचारही बाईच लिहीत. विचारल्यावर बाई म्हणाल्या, “ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांच्यासाठी लिहिलंय. बाकीच्यांनी वाचू नये.”

आमच्या मुलीच्या बारशाला बाईंना मी आवर्जून बोलावलं. बारशाला बाळाचं नाव आत्याने बाळाच्या कानात सांगायचं आणि मग ते सगळ्यांना कळायचं, अशी आपली रीत. तोवर ते गुपित. माझ्या बहिणीने त्यासाठी कोपरखैरण्याहून येऊन दोन दिवस आधी मुक्काम ठोकला होता आणि नाव कुणाला कळू नये म्हणून आईशीही धड बोलत नव्हती. बाई आल्या, पाळण्याशेजारच्या रांगोळीकडे बघितलं, आत पेढ्यांच्या डब्यांवर छापलेलं नाव वाचलं आणि बाहेर येऊन जिन्यात चपला काढणाऱ्या पाहुण्यांना म्हणाल्या, “या, या, ईशानीचं बारसं इकडेच आहे.” माझी बहीण अजूनही बाईंचं नाव काढलं की तोंड फिरवते. मी बाईंना जाब विचारला तेव्हा त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. “अरे, लोक ताटकळले होते,” म्हणाल्या.

शेवटी मुलांचा संयम संपला. एका शनिवारनंतर अमेय आणि दोघंतिघं मला जिन्यात अडवून उभे राहिले.

“सर, यार, आता बस. त्या आपला पंच खातात. मी अख्खा महिना त्या एका लाइनवर काम केलेलं, आणि त्यांनी ती अशी सांगितली जशी काय डोंबिवली फास्टची अनाउन्समेंट.”

“मी बोललोय त्यांच्याशी.”

“बोलून काही होत नाही सर. आम्हाला त्या आवडतात, घरी डबा पण पाठवतात त्या. पण माइकवर त्या असतील तर आम्ही पुढच्या महिन्यापासून नाही येणार.”

बरोबर होतं त्यांचं. चूक बाईंची होती आणि सांगायचं मला होतं. असल्या कामासाठी मंडळात माझी नेमणूक कधी झाली हेही मला आठवत नाही.

रविवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. त्या एकट्याच राहत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला. दार उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ये. मला माइकवरून काढायला आलायस. आधी पोहे खा, मग सांग.”

आता माझ्याही वाक्याचा शेवट गेला. पोहे खाल्ले. मग बाईंनी चहाचं आधण ठेवलं.

“मुलांचं बरोबर असेल. मला त्यातलं कळत नाही. पण सुधीर, शनिवार गेला तर मी काय करू ते सांग. शाळा सुटली तेव्हा मला वाटलं होतं, आता मला कुणी काही सांगायला येणार नाही. ही मुलं येतात, समोर उभी राहतात, घरात काय झालं, ऑफिसात काय झालं सांगतात. ती मला सांगतात कारण मी निवेदन करते. नाहीतर एका म्हातारीला कोण कशाला सांगेल?”

हे त्यांनी रडून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या चहाचं आधण बघत बोलत होत्या. मला त्यांची दया आली आणि दया येतेय म्हणून चीड आली.

“पुढचा एक शनिवार मला दे,” त्या म्हणाल्या. “त्या दिव्याहून येणाऱ्या मुलीला मी शब्द दिलाय. त्यानंतर मी खाली प्रेक्षकांत बसेन.”

“पण त्या दिवशी फक्त नाव सांगायचं. शेवट नाही.”

“फक्त नाव,” बाईंनी कबूल केलं.

दिव्याची मुलगी म्हणजे ऋतुजा धुरी. घर मूळचं कुडाळकडचं, राहायला दिव्याला. वडील अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर. तिचा विषय होता दिव्यातलं पाणी आणि तिचे बाबा. पाणी आलं की पिंपांवर पहारा देणारे बाबा, डोक्यावरून आंघोळ करणाऱ्या मुलीला “केस काप” म्हणणारे बाबा, बघायला आलेल्या मुलाला पगाराऐवजी “तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?” विचारणारे बाबा. ती बाबांची अशी काही सालं काढायची की आमच्या हॉलमधले बाप अस्वस्थ होऊन हसायचे. तिचा शेवट मात्र वेगळा होता. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी पाणीच आलं नव्हतं, आणि पहाटे उठून बघते तो मोरीत तिच्यासाठी दोन बादल्या कढत पाणी भरून ठेवलेलं. बाबा नुसतं ओल्या फडक्याने अंग पुसून कामावर गेलेले. “मुलाखतीत माझ्या केसांचं कौतुक झालं,” ती म्हणायची, “आणि कंपनीच्या बसमध्ये त्या दिवशी बाबांच्या शेजारी कोणी बसलं नाही.”

त्या शनिवारी कार्यक्रमाच्या आधी मी विंगेत गेलो तर ऋतुजा भिंतीला टेकून उभी. चेहरा उतरलेला.

“बाबा आलेत. लास्ट रोमध्ये. गावच्या आत्याने त्यांना माझी क्लिप पाठवली. क्लिपमध्ये फक्त पहिला पार्ट आहे सर, केसांचा आणि पिंपाचा. तेवढंच कोणीतरी कापून टाकलंय. बाबा बोलले, एकदा येऊन ऐकतो, आणि मग बंद म्हणजे बंद.”

“मग दुसरं काहीतरी कर.”

“दुसरं तयारच नाही माझ्याकडे.”

बाई शेजारीच होत्या. मला मागाहून कळलं की दारात नाव-गाव विचारताना त्यांची त्या माणसाशी आधीच गाठ पडली होती. “धुरी, दिव्याहून,” तो म्हणाला होता, आणि कुणाकडून आलात यावर, “मी ऋतुजाचो बापूस.” हाताची घडी घालून, दाराजवळची खुर्ची धरून बसला होता. उठून जाणारे लोक तीच खुर्ची धरतात.

बाई माइकपाशी गेल्या. टकटक केलं. मागे ऐकू येतंय ना विचारलं आणि या वेळी शेवटच्या ओळीकडे बघत जरा जास्तच वेळ थांबल्या. “यानंतर ऋतुजा धुरी,” म्हणाल्या. मी बटणावर हात ठेवला. पण बाई हलल्या नाहीत.

“ही मुलगी आता तिच्या वडिलांना भरपूर नावं ठेवणार आहे. ऐकताना राग येईल. पण शेवटी काय होतं, तर तिच्या मुलाखतीच्या दिवशी ते स्वतः आंघोळ न करता तिच्यासाठी दोन बादल्या पाणी ठेवतात, आणि ते ती कधी विसरलेली नाही. म्हणून ती इथे उभी आहे. तर ऐकू या.”

समोरून अमेयचा “अरे यार” मला स्पष्ट ऐकू आला. मी तर हातातला पाण्याचा ग्लास आपटलाच. दिलेला शब्द, तोही शेवटच्या दिवशी, या बाईंनी सरळ मोडला होता. ऋतुजा आली आणि तिने पिंपांपासून सुरुवात केली. हॉल गप्प होता. मग शेवटच्या ओळीतून एक हसणं आलं. मोठं, मोकळं, खोकल्यात संपणारं. दाराजवळच्या खुर्चीतून येत होतं. “केस काप” वर तो माणूस इतका हसला की त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली, आणि मग त्याच्याकडे बघून सगळा हॉल हसायला लागला. शेवट आला तेव्हा कुणी हसलं नाही. तो सगळ्यांना माहीतच होता. पण कुणी हललंही नाही.

कार्यक्रम संपल्यावर धुरी रंगमंचापाशी आले. मुलीकडे बघितलंही नाही. बाईंना म्हणाले, “बाईनू, दोन नाय. तीन बादल्यो होत्यो.” आणि चपला घालून जिना उतरून गेले. ऋतुजा त्यांच्यामागे धावली.

मी बाईंना गाठलं. “फक्त नाव म्हणाला होतात.”

“अरे, तो माणूस मध्येच उठून गेला असता. त्याला अर्धंच माहीत होतं.”

“आणि बाकीची शंभर माणसं?”

“ती काय, पुढच्या महिन्यात येतील.”

यात वाईट असं की त्यांचं खरं होतं. त्याहून वाईट असं की पुढच्या महिन्यात बाई काहीच न घडल्यासारख्या माइकपाशी उभ्या होत्या आणि मुलांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मी अमेयकडे बघितलं. तो म्हणाला, “जाऊ दे ना सर.” त्या संध्याकाळी बाईंनी त्याचा, आंबिवलीवाल्याचा आणि ठाण्याहून आलेल्या एका नव्या मुलीचा शेवट ओळीने सांगितला. पुढे वर्ष-दीड वर्ष हेच. मुलांनी शेवटी आपले शेवट बदलायला सुरुवात केली. बाईंना एक सांगायचं आणि स्टेजवर दुसरंच करायचं. बाई विंगेतून मोठ्याने म्हणायच्या, “अरे, हे नव्हतं.” लोक त्यालाच सगळ्यात जास्त हसायचे.

मग गुडघे गेले. वाचनालयाचा जिना चढताना बाई प्रत्येक वळणावर थांबायला लागल्या. नाशिकची मुलगी येऊन सगळं ठरवून गेली. तिचं तळमजल्याचं घर, मागे अंगण, जिना नावालाही नाही. बाई मला म्हणाल्या, “तिथे सगळं छान आहे. जावईही चांगले आहेत. मला तिथे कुणी काही सांगणार नाही, एवढंच.” मी म्हटलं, आम्ही फोन करू. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही फोन करणार नाही हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

त्यांच्या शेवटच्या शनिवारी ऋतुजाने आतल्या खोलीत जायला नकार दिला. “बाई, आज नाही ऐकवणार.” बाई चिडल्या. “मग मी निवेदन काय करू?” “नाव सांगा,” ऋतुजा म्हणाली. बाई खरोखर रुसून माइकपाशी गेल्या, म्हणाल्या, “ऋतुजा धुरी. पुढचं मला माहीत नाही,” आणि पायऱ्यांचा कठडा धरून एकेक पायरी उतरत पहिल्या ओळीत येऊन बसल्या. मागून कुणी म्हणालं, “बाई, शेवट राहिला.” बाईंनी मागे वळूनही बघितलं नाही.

ऋतुजाने सांगितलं, तिला बघायला बदलापूरचा मुलगा आला होता. बाबांनी पाण्याचं विचारलं, तर तो म्हणाला, विहीर आहे. बाबा जागेवरून उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. आईने दुसऱ्यांदा पोहे दिले. मग त्या दोघांना बाल्कनीत बोलायला पाठवलं, म्हणजे पिंपांच्या मधे. मुलगा म्हणाला, मी तुमचे कार्यक्रम बघितलेत, लग्नानंतर माझ्यावरही असंच बोलणार का? बाल्कनीतली ती दहा मिनिटं ऋतुजाने अशी उभी केली की हॉलमध्ये पंखा बंद असल्याचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बाई खुर्चीच्या अगदी कडेवर आल्या होत्या, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. इतक्या वर्षांत मी त्यांना काही ऐकताना पहिल्यांदा बघत होतो.

“मग त्याने सरळ विचारलं, हो की नाही?” ऋतुजा म्हणाली. “आणि मी त्याला म्हणाले...”

ती थांबली. बाईंकडे बघितलं.

“पुढचं बाईंना. नाशिकला पोचल्यावर फोन करा, मग सांगते.” आणि नमस्कार करून ती विंगेत निघून गेली.

त्या क्षणी मी लाइट घालवायचा होता. तसं ठरलं होतं. माझा हात बटणावर होता आणि मी तो खाली आणला नाही. कारण बाई उठल्या होत्या. ज्या गुडघ्यांपायी त्या नाशिकला चालल्या होत्या ते गुडघे घेऊन, कठड्याला हातही न लावता, पर्स छातीशी धरून त्या लाकडी पायऱ्या चढत होत्या आणि हॉलभर ऐकू जाणाऱ्या त्या आवाजात ओरडत होत्या, “अगं ए ऋतुजा, हो म्हणालीस की नाही?”

सगळं नाट्यगृह उभं राहून हसत होतं. बाई विंगेत दिसेनाशा झाल्या.

ऋतुजाने त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी नाशिकहून तिला फोन येतो, ती बाकीचं सगळं सांगते, बाबांचं, ऑफिसचं, पाण्याचं, आणि तेवढं एक ठेवते. मी तिला म्हटलं, “अगं, निदान मला तरी सांग.” तर म्हणाली, “सर, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही बाईंना सांगाल.”